मधात कासरा ओढणारा सकरू

सकरू गेल्याची बातमी हाफिजभाईंनी आणली. श्रावणी सोमवार होता, अर्ध्या दिवसाची शाळा सुटत होती आणि फाटकाशी हाफिजभाई उभे होते. बाजाराच्या टोकाला त्यांचं बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धाव चढवण्याचं दुकान आहे. दहा-बारा वर्षांत मी त्या दुकानात शेकडो वेळा बसलो असेन, पण ते शाळेत कधी आले नव्हते. हातावरची काजळी पुसायलाही ते थांबले नसावेत. म्हणाले, "मास्टर, सकरू गेला." मी विचारलं, "कुठं?" कारण सकरू नेहमीच कुठल्या ना कुठल्या बाजाराला गेलेला असे. त्यावर ते चिडूनच म्हणाले, "गेला म्हणजे गेला! परवाच्या दिवशी. आठ दिवस ताप होता म्हणे. तांड्यावरच्या मानसानं आत्ता सांगितलं." मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर मला राग आला. माझं त्याच्याशी एक बोलणं अर्धवट राहिलं होतं, आणि ते अर्धवट ठेवूनच तो निघून गेला होता.

दुपारी दुकानात गेलो. चार-पाच नेहमीची मंडळी जमली होती. थोडा वेळ "गरीब मानूस होता", "कोनाच्या अध्यात ना मध्यात" असं झालं... आणि मग एकजण चहाची बशी खाली ठेवत म्हणाला, "मानूस चांगला होता बाप्पा, पन धुरकरी म्हून काही खास नव्हता. बैल तं हिरे होते." लगेच दुसरा, "काहून? बैलायतच खोट होती, हे मंग समजलंच नं!" तिसरा म्हणाला, "खोट असली तरी मधात कासरा ओढाचं काय काम?" झालं! माणसाच्या चितेची राख थंड झाली नव्हती आणि दहा वर्षांपूर्वीचा तोच वाद, त्याच फळीवर, त्याच शब्दांत पुन्हा सुरू झाला. मी उठून घरी आलो. त्याला आता दीड महिना झाला. तिथं बोललो असतो तर भांडणच झालं असतं, म्हणून इथं लिहितो आहे.

ज्यांनी शंकरपट पाहिला नसेल त्यांना एवढंच सांगतो की पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. पीक निघालेल्या शेतात शेजारी शेजारी दोन लांब पट्ट्या सारख्या केलेल्या असतात. एकेका पट्टीवर एकेक जोडी, मागं पोकळ सांगाड्यासारखा हलका छकडा, आणि त्यावर पाय रोवून उभा राहिलेला धुरकरी, म्हणजे हाकणारा. झेंडी पडली की श्वास रोखून धरावा, तो सोडेपर्यंत सगळं संपलेलं असतं. पळणं एवढंच. बाकी वर्षभर असते ती चर्चा. जोडी वेगवान होती की नव्हती, हाकणारा चुकला की बैल अडला, छकडा जड होता की माती भुसभुशीत होती... आपापली जोडी असलेली माणसं एक वेळ झोपतील, पण नुसते बघणारे आम्ही झोपत नसू.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या वर्षी माझी बदली आर्णीला झाली. मी मूळचा घाटंजीकडचा. आमच्या खात्यात पट म्हणजे हजेरीपट, तेवढाच मला ठाऊक होता. पण त्याच हिवाळ्यात हाफिजभाईंनी मला फुलसावंगीच्या पटाला नेलं आणि मी कायमचा बिघडलो. आर्णीची म्हणून जी जोडी तेव्हा मिरवत होती ती बळवंतरावांची. मोठे शेतकरी, तोंडानं तिखट. बैल दोन. डाव्या अंगाला माणक्या, उजव्या अंगाला करडा बादल. आणि त्यांचा धुरकरी सकरू. सकरूच्या तांड्याजवळ बळवंतरावांचं शेत होतं, तिथं तो वर्षाच्या बोलीवर सालदार होता. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथे घालत, त्यामुळे जनावराची जाण त्याच्या रक्तातच असावी असं आम्ही समजत असू. बुटका, काटक, डोक्याला लाल पागोटं, आणि बोलणं इतकं कमी की समोरच्याला वाटावं, याला आपलं ऐकूच गेलं नाही. बादलची आई तो दोन महिन्यांचा असतानाच मेली होती. त्याला सकरूनं बकरीचं दूध पाजून वाढवलं होतं. बैल बळवंतरावांचा, पण हाकेला ओ द्यायचा तो सकरूच्या.

या जोडीचं एक विचित्र होतं. काही पळती ती अशी मारी की शेजारची जोडी उभी आहे की काय असं वाटावं. आणि काही पळतींत, निम्म्या पट्टीपर्यंत पुढं असताना, सकरू मधातच, म्हणजे ऐन मध्यावर, उजव्या हाताचा कासरा खेचून धरी. जोडी दबे, समोरची जोडी निघून जाई. लोक कपाळावर हात मारून घेत. हे एकदा नाही, दोनदा नाही, सलग तीन हिवाळे चाललं. हाफिजभाईंच्या दुकानात त्यावरून दोन तट पडले. एक तट म्हणे, बैलांत दम नाही, निम्म्यातच हवा जाते. दुसरा तट म्हणे, बैल सोन्याचे आहेत, हाकणारा भेकड आहे. या दुसऱ्या तटाचा पुढारी मी होतो. शिक्षक माणूस, पुरावा दिल्याशिवाय बोलायचं नाही. दुकानाच्या फळीवर मी खडूनं पट्टी काढी, अर्ध्यावर फुली मारी आणि समजावून सांगे की पहिल्या निम्म्यात मी मोजलेले अंक इतके, दुसऱ्या निम्म्यात इतके, म्हणजे बैलांचा वेग कमी होत नाही, कमी केला जातो. हाफिजभाई ऐरणीवरून मान वर करून म्हणत, "मास्टर, छकडा माह्या हातचा हाय. चाक असं फिरते का बोट लावा आन् सोडा. छकड्यात खोट नाही, सकरूतही नाही. थ्या बैलात काहीतरी हाय, मले समजत नाही, पन हाय." मी हसत असे. "हाफिजभाई, समजत नाही तर बोलता कशाला?"

माझी खडूची आकृती इतकी व्यवस्थित होती, तरी त्यात एक गोष्ट मी कधीच लिहिली नाही. जोडी कोणत्या पट्टीवर पळत होती, डाव्या की उजव्या? चिठ्ठी निघेल तशी पट्टी मिळे, म्हणून ती मला महत्त्वाची वाटली नाही. आज त्या एका गोष्टीसाठी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. तिसऱ्या हिवाळ्यात फुलसावंगीला शेवटच्या पळतीत पुन्हा तेच झालं, तेव्हा मी गर्दीतून वाट काढत सरळ छकड्यापाशी गेलो आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "सकरू, मधातच कासरा काहून ओढला?" तो बादलच्या मानेवरचा फेस पुसत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "चुकलं, गुरुजी." मला विजय झाल्यासारखं वाटलं. परतीच्या वाटेवर मी हाफिजभाईंना म्हणालो, "ऐकलंत ना? स्वतः कबूल केलं."

पुढच्या दिवाळीनंतर शाळेत नावं नोंदवण्यासाठी मला तांड्यावर जावं लागलं. सायकल नाल्याकाठी टेकवली. बादल एकटाच पाणी पीत उभा होता. इतका देखणा बैल जवळून बघायला मिळतोय म्हणून मी त्याच्या उजव्या अंगानं चार हातांवर गेलो. कान हलला, पण डोळा वळला नाही. मी आणखी पुढं होऊन पाठीवर हात ठेवला मात्र, तो असा दचकून उडाला की मी नाल्यातच बसलो! वरून सकरू धावत आला. आधी त्यानं बैलाला शांत केलं, मग मला हात दिला. मी चिखलानं भरलेल्या धोतरात उभा, आणि माझ्या डोक्यात खडूची ती फुली. मी म्हटलं, "याला या डोळ्यानं दिसत नाही?"

सकरू बादलच्या गळ्याखाली हात फिरवत हळूहळू बोलला. तीन वर्षांमागं गोठ्यात दुसऱ्या बैलाचं शिंग लागलं होतं. डोळा बाहेरून चांगला दिसे, पण आतून गेला होता. उजव्या पट्टीवर पळताना बादलच्या त्या बाजूला मोकळं शेत असे, तिथं काही अडचण नव्हती. डाव्या पट्टीवर मात्र समोरची जोडी नेमकी त्याच्या आंधळ्या बाजूला येई. चाकांचा खडखडाट कानाशी, आणि दिसत काहीच नाही! बैल भिऊन माणक्यावर रेलायचा. "थ्या वक्ती कासरा नाही ओढला तं छकडा उलटते, गुरुजी. माणक्याचा पाय मोडते. पट्टीच्या कडेले लोक बसून राह्यते, त्यायच्या आंगावर जाते." मी म्हटलं, "मग सांगत का नाहीस बळवंतरावांना? लोक तुला काय काय बोलतात!" तो म्हणाला, "सांगतलं तं थे बैल बाजारात नेतीन. एका डोळ्याचा बैल कोन घेते, तुमाले ठाऊक नाही काय? मले बोलू द्या. मले बोलून माहं काय जाते?" आणि मग त्यानं माझ्याकडून वचन घेतलं. मी दिलं.

तो हिवाळा मला फार जड गेला. दुकानात वाद रंगे तेव्हा मी गप्प बसे. एकदा राहवलं नाही, म्हणालो, "सकरूइतका चांगला धुरकरी या तालुक्यात नाही." सगळे हसायलाच लागले. "गुरुजी, तुमीच तं आमाले शिकवलं का थो भेकड हाय म्हून! ही फळीवरची फुली कोनाची?" माझेच शब्द, माझाच पुरावा, आणि मला त्यांना खोडून काढता येईना. सकरू मात्र तसाच. रस्त्यात दिसला की राम राम घाली आणि पुढं जाई, जणू आमच्यात काही गुपित नव्हतंच.

मग घाटंजीचा पट आला. चिठ्ठीत डावी पट्टी निघाली. जोडी हरली, आणि छकडा थांबतो न थांबतो तोच आमच्याच गावच्या चार जणांनी पुढं होऊन सकरूच्या गळ्यात बांगड्यांचा हार घातला. लोक शिट्ट्या वाजवत होते. बळवंतराव उभे होते, त्यांनी थांबवलं नाही. सकरूनं हार काढलासुद्धा नाही. तो घालूनच त्यानं बैल सोडले. मला ते बघवेना. मी ओरडलो, "अरे, बैल आंधळा आहे! उजव्या डोळ्यानं आंधळा आहे बादल! तुम्हाला कुणाला कळलं नाही, याला तीन वर्षांपासून माहीत आहे!" बळवंतराव पुढं आले, त्यांनी आपला रुमाल बादलच्या उजव्या डोळ्यासमोर दोनदा हलवला. पापणीही हलली नाही. मी छाती काढून लोकांकडं बघत होतो. सकरूकडं मी पाहिलंच नाही.

दुसऱ्या आठवड्यात बादल विकला गेला. कोणत्या बाजारात, कुणाला, हे बळवंतरावांनी सकरूला सांगितलं नाही. तीन वर्षं आपल्याला फसवलं म्हणून त्यालाही कामावरून काढलं. तो माझ्या घरी आला, अंगणातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, "गुरुजी, माह्यं नाव खराब झालं होतं तं मले चालत होतं. तुमाले काहून नाही चाललं?" आणि तो वळून गेला. त्यानंतर सात-आठ वर्षं तो माझ्याशी बोलला नाही.

आणि आमची मंडळी? बळवंतरावांनी नवी जोडी आणली, दुसऱ्या गावाहून नावाजलेला धुरकरी आणला. जोडी पहिल्याच पटात हरली. दुकानात ठराव झाला की सकरू असता तर जिंकली असती! ज्यांनी बांगड्या आणल्या होत्या तेच हे सांगत होते. मी विचारलं, "मग त्याला बोलवा की पुन्हा." तर म्हणे, "नाही गुरुजी, थो मालकाले फसवते." मी तेव्हा पटाला जाणं सोडलं. दुकानात जाणं मात्र सुटलं नाही, ही माझी लाचारी.

सकरूनं बादलला शोधण्यात ती सगळी वर्षं घालवली. मजुरी करायची आणि सवड मिळाली की जनावरांचा बाजार गाठायचा. तेलाच्या घाण्याला एक करडा बैल जुंपला आहे असं कुणी सांगितलं तर तिकडं पायी जायचं. मी त्याला एकदा बाजारात लांबून पाहिलं. एकेका करड्या बैलाच्या उजव्या अंगाला उभा राहून तो डोळ्यासमोर हात हलवी, बैलाची पापणी लवली की पुढं सरके. विकणारे त्याला हटकत नसत, तो सगळ्यांना ठाऊक झाला होता. बादल त्याला सापडला नाही.

शेवटची भेट याच वर्षीची, होळीनंतरची, घाटंजीच्या बाजारातली. तोच समोर येऊन उभा राहिला. पागोट्याखालचे केस पांढरे झाले होते. म्हणाला, "गुरुजी, शाळा बरी हाय नं?" इतक्या वर्षांनी! मला एवढं भरून आलं की मी तिथंच, लिंबाखाली, सगळं एकदम बोलू लागलो. माझा हेतू काय होता, मला त्या दिवशी कसं बघवलं नाही, वचन मोडलं ते का मोडलं... वाक्यं मनात तयारच होती. निम्म्यावर आलो असेन, त्यानं हात वर केला. "जाऊ द्या, गुरुजी. तिकडं दोन करडे दिसून राह्यले, पाहून येतो." आणि गेला. मी अर्धा तास थांबलो. तो परत आला नाही. मला तेव्हाही रागच आला होता. माणसानं निदान पुरतं ऐकून तरी घ्यावं!

तेरावा होऊन गेल्यावर मी तांड्यावर गेलो. त्याची बायको चांदीबाई ओसरीवर बसली होती. मला बघून तिनं पदर सावरला, घोंगडी टाकली, चहा ठेवला. ताप कसा आला, औषध कुणी दिलं, असं विचारत राहिलो. चहा पिऊन झाल्यावर ती भावाची हाक मारून म्हणाली, "भिया, एक इचारू काय?"

"विचार की."

"थे चांगले हाकत होते काय?"

मला आधी समजलंच नाही. ती म्हणाली, "मी एकबी पट पाह्यला नाही. पटाच्या दिवसायत आमी कापूस येचाले जावो. म्या फक्त आयकलं, लोक काय म्हनते थे. पांदनीनं जाताना बाया म्हनत, इहिरीवर म्हनत. यायले इचारलं तं सांगत नव्हते. तुमी सांगा. चांगले हाकत होते काय?"

तीन हिवाळे मी ज्या एका प्रश्नावर खडू झिजवले, घसा कोरडा केला, तो प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी उत्तर हवं म्हणून विचारत होतं. मी तिला घाटंजीची ती पळत सांगितली, कारण तीच एक पळत मी डोळे उघडून पाहिली होती. हजारो माणसांत मला एकट्यालाच ठाऊक होतं की काय बघायचं. झेंडी पडली, आणि सकरू सुरुवातीलाच छकड्याच्या उजव्या कडेला सरकला. एक पाय त्यानं बाहेर काढून बादलच्या मांडीला टेकवला होता, म्हणजे त्या बाजूला कुणीतरी आहे, आपला माणूस आहे, एवढं बैलाला कळावं. एवढ्या वेगात, एका पायावर! निम्म्यावर समोरची जोडी अंगाशी आली, चाकं खडखडली, बादलची मान डावीकडं वळली, आणि सकरूनं कासरा ओढला तो हिसका देऊन नाही. मूल झोपेत कूस बदलताना आई जसा हात ठेवते तसा ओढला. बैल सरळ झाला. पट्टीच्या कडेला माणसं पाय पसरून बसली होती, त्यांच्या अंगठ्यापासून हातभर अंतरावरून चाक गेलं. त्यातल्या एकानंही पाय मागं घेतला नाही, कारण आपल्यावरचं काय टळलं ते कुणाला कळलंच नव्हतं. जोडी मानेएवढ्या अंतरानं हरली. आंधळ्या बैलाला घेऊन, मानेएवढ्या अंतरानं.

"त्याच्यासारखा हाकणारा मी पाहिला नाही," मी म्हणालो.

चांदीबाई ऐकत होती. रडली नाही. तिनं रिकामी कपबशी उचलली आणि तशीच हातात धरून उभी राहिली.

"थे म्हनत होते," ती म्हणाली, "मले नोको इचारू, गुरुजीले ठाऊक हाय, थे आले का त्यायले इचारजो. आठ वर्सं झाली मी वाट पाहून राह्यली. तुमी काहून नाही आले, भिया?"

आर्णीहून तांडा तीन कोस आहे. सायकलनं पाऊण तास लागतो.